शेजारच्या कोंबड्यांच्या आवाजाबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांना शि. सा. न.

शेजारच्या परसातल्या कोंबड्यांमुळे तुमची झोप मोडते, हा विषय फोनवर पाच मिनिटांत संपण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. वयाप्रमाणे झोप सावध होते आणि पहाटेची तर फारच पातळ असते. एकदा जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. त्यामुळे "सवय होईल" म्हणून सोसत बसू नका. यावर करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं बहुतेक भांडण न करता होतं.

शेजाऱ्यांकडे जाण्याआधी आवाज कोणता आणि कधी, हे वेगळं करून घ्या. "तुमच्या कोंबड्यांचा त्रास होतो" एवढंच म्हटलं की समोरच्याला वाटतं, सगळ्या कोंबड्याच काढायला सांगताहेत. मग तो एकतर बिथरतो, नाहीतर "बघतो" म्हणून विषय सोडून देतो. नेमकी एक गोष्ट मागितली तर करायला त्याच्या हातात काहीतरी येतं. म्हणून उशाशी एक वही ठेवा. तारीख, आवाज सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ आणि तो आरवण्याचा होता, कलकलाट होता की घाबरल्याचा, एवढंच लिहा. आठ-दहा दिवसांत त्यातला ठरलेला क्रम दिसू लागतो. बाबा, फोनवर दोन-तीनदा उशीपाशी ठेवून ध्वनिमुद्रणही करून ठेवा. डेसिबल दाखवणारी ॲप मात्र पुरावा म्हणून धरू नका. एकाच फोनवर आजचा आवाज कालच्यापेक्षा कमी की जास्त, एवढं कळायला ती ठीक आहेत.

आधी कोंबडा, कारण खरा त्रास बहुधा त्याचाच असतो. कोंबडा उजेड बघून आरवतो हा समज अर्धाच खरा आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले. बाहेर उजाडलं की नाही हे कळायला काही मार्ग नसतानाही ते ठरलेल्या वेळी आरवत राहिले. शरीरातलंच घड्याळ त्यांना उठवतं, आणि पहिली बांग उजाडायच्या साधारण दोन तास आधी पडते. म्हणून खुराडं नुसतं काळ्या कापडाने झाकलं की काम झालं असं होत नाही. झाकण्याचा उपयोग एवढाच, की गाडीचे दिवे, अंगणातला बल्ब यांनी अवेळी आरवणं कमी होतं. शेजाऱ्यांचा मागचा दिवा रात्रभर खुराड्यावर पडत असेल तर तो बंद करायला किंवा वळवायला सांगणं, ही सगळ्यात सोपी मागणी.

एकापेक्षा जास्त कोंबडे असतील तर एकाला ऐकून दुसरा उत्तर देतो आणि ते लांबत जातं. कळपात सुरुवात वरच्या मानाचा कोंबडा करतो, बाकीचे त्याच्या मागून मानाच्या क्रमाने आरवतात. दोनाचा एक झाला तरी मोठा फरक पडतो. आणि हे शेजाऱ्यांना कदाचित माहीत नसेल: कोंबड्यांना अंडी घालायला कोंबडा लागतच नाही. तो फक्त पिल्लं हवी असतील तर. अंड्यांसाठीच कोंबड्या पाळल्या असतील तर कोंबडा दुसऱ्या कुणाला देऊन टाकणं हा कायमचा इलाज आहे. लहान पिल्लं घेताना नर-मादी चटकन ओळखू येत नाही आणि नर आरवायला लागतो तो चार-पाच महिन्यांचा झाल्यावर. त्यामुळे पुष्कळ लोकांकडे कोंबडा न ठरवताच येतो. शेजाऱ्यांनी मुद्दाम आणला असेल असं धरून बोलू नका.

कोंबडा ठेवायचाच असेल तर रात्री त्याला वेगळ्या पेटीत ठेवता येतं. आरवताना कोंबडा मान ताणून डोकं वर करतो. पेटीची उंची तो आरामात उभा राहील पण मान पूर्ण ताणता येणार नाही, इतकीच ठेवतात. त्याने आवाज पूर्ण जात नाही, पण दबतो आणि वेळा कमी होतात. पेटीला हवा हवीच. कोंबड्यांना घाम येत नाही, त्या धापा टाकून अंग थंड करतात. उकाड्यात कोंदट पेटीत पक्षी मरू शकतो. संध्याकाळी आत, सकाळी ठरलेल्या वेळी बाहेर, दिवसभर मोकळा, असंच हवं. गळ्याला पट्टा बांधून आवाज दाबायचा प्रकारही मिळतो, पण तो सुचवू नका. पट्टा जरा घट्ट झाला की श्वास अडकतो, सैल झाला की त्यात चोच अडकते. मुक्या जिवाला असा धोका देऊन मिळालेली झोप आपल्याला नको.

आता कोंबड्या. सकाळी उशिरा किंवा दुपारकडे जो मोठ्याने "कॉक-कॉक-कॉकाsss" असा गजर होतो, तो बहुतेक अंडं घातल्यानंतरचा असतो. एक ओरडली की बाकीच्या सूर धरतात, आणि पाच-दहा मिनिटं चालतं. हा आवाज थांबवता येत नाही, थांबवायला सांगूही नये. वेळ रोज थोडी पुढे सरकताना दिसेल, कारण दोन अंड्यांमध्ये चोवीस तासांपेक्षा थोडा जास्त वेळ जातो. पण हाच गोंधळ अर्धा-पाऊण तास चालत असेल तर कारण वेगळं असतं: अंडी घालायची जागा कमी आहे. एक कोंबडी आत बसलेली असते आणि दुसरी दारात उभी राहून ओरडते. तीन-चार कोंबड्यांमागे एक खोका लागतो, साधारण ३० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच. आत पेंढा आणि तोंडाशी अंधार करायला कापडाची पट्टी. सगळ्यांना एकच खोका आवडतो, हेही होतं. मग नव्या खोक्यात एखादं खोटं अंडं ठेवलं की त्या तिकडे वळतात.

भुकेची ओरड वेगळी. ती लांब, कण्हल्यासारखी असते आणि दाराशी किंवा कुंपणाशी जमून होते. एका अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. पाणी एरवी पाव लिटरच्या आसपास आणि उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. भांडं सकाळी रिकामं असेल तर उजाडल्यापासून आरडाओरडा ठरलेला. यात एक खोड फार लवकर लागते. कोंबड्या ओरडल्या की मालक धावत दाणे घेऊन येतो, आणि ओरडलं की मिळतं हे त्या शिकतात. दाणे ठरलेल्या वेळी, त्या गप्प असताना द्यायचे, हाच त्यावर उपाय. आई, हे तुलाही लागू आहे. कुंपणावरून उरलंसुरलं टाकू नकोस. दोन-चार दिवसांत त्या तुझी चाहूल लागली की कुंपणाशी येऊन हाका मारायला लागतील, आणि मग तो आवाज आपल्याच खिडकीखाली.

रात्रीच्या आवाजाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. कोंबडीला अंधारात जवळपास दिसत नाही, ती दांडीवर बसली की सकाळपर्यंत गप्प असते. मध्यरात्री फडफड आणि कलकलाट झाला तर आत काहीतरी शिरलंय असं समजा. मांजर, उंदीर, साप काहीही. बहुतेक वेळा उंदीर, आणि ते येतात रात्री भांड्यात राहिलेल्या खाद्यासाठी. खाद्य संध्याकाळी उचलून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, आणि खुराड्याच्या जाळीची भोकं १२ मिलिमीटरच्या आसपास हवीत. मोठ्या भोकांच्या साध्या जाळीतून उंदीर सहज जातो. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायलाच तयार नसतील आणि रात्रभर चुळबुळत असतील, तर दांडीच्या फटींत रक्त पिणारे लाल बारीक किडे झालेले असू शकतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद फिरवला आणि त्यावर लाल डाग पडले, तर खात्री पटते. अशी माहिती घेऊन गेलात तर शेजाऱ्यांना तुमची तक्रार कमी आणि मदत जास्त वाटेल, आणि ती खरंच मदत आहे. त्यांच्या कोंबड्याही वाचतील.

मागणी काय करायची, तर माझ्या मते आधी दोनच गोष्टी. खुराड्याचं दार सकाळी सातपर्यंत बंद, आणि खुराड्याचं उघडं तोंड आपल्या घराकडे असेल तर ते उलट दिशेला. दार उशिरा उघडायचं तर आत प्रत्येकीला दांडीवर २०-२५ सेंटिमीटर जागा आणि, जाळीतून उंदीर शिरत नसेल तर, सकाळपुरतं खाद्य-पाणी हवं, नाहीतर त्या दाराशीच ओरडतील. रोज त्याच वेळी उघडणारं, टायमरवर चालणारं दारही मिळतं. खुराडं हलवता येत असेल तर अंतराचा हिशोब सांगते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरला की कानाला तो निम्मा वाटतो. म्हणजे पाच मीटरवरचं खुराडं सहा मीटरवर नेऊन काही कळणार नाही. पंधरा-वीस मीटरवर नेलं तर झोपेत फरक पडेल.

खुराड्यावर गोणपाट, ताडपत्री गुंडाळू नये. आवाज त्यातून आरपार जातो आणि ओल मात्र आत अडकते. विष्ठेच्या अमोनियाने पक्ष्यांचे डोळे आणि छाती बिघडते. आवाज वजनाने अडतो. जाड फळ्यांची दुहेरी भिंत, घट्ट बसणारं दार, आणि हवेची वाट सरळ न ठेवता वळण देऊन काढलेली. कुंपणाला झाडं लावूया असं बाबा म्हणतील. लावा, हिरवाई छान दिसेल, पण चार-पाच झुडपांच्या ओळीने आवाज कमी होत नाही. भिंत घातली तर ती फटीशिवाय, जमिनीपासून, आणि खिडकीतून खुराडं दिसणार नाही इतकी उंच हवी. आणि ती खुराड्याजवळ किंवा आपल्या खिडकीजवळ. मधोमध घातलेल्या भिंतीचा उपयोग सगळ्यात कमी.

आपल्या घरात आजच करता येईल ते म्हणजे झोपायची खोली बदलणं. कोंबड्यांच्या विरुद्ध बाजूची खोली, मध्ये दोन दारं बंद, याइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही. ते जमत नसेल तर खिडकी. काच कितीही जाड लावा, खिडकीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढी फट राहिली तरी २० डेसिबलच्या पुढे आवाज अडत नाही. म्हणून आधी कडांना रबराची पट्टी, खिडकीची झडप नीट मिटते का ते बघणं, आणि मग काचेचा विचार. आतून दुसरी काच लावायची असेल तर दोन्हींमध्ये १० सेंटिमीटरच्या आसपास अंतर ठेवायला सांगा. पंख्याचा एकसारखा आवाज बांग थोडी झाकतो. फोमचे कानातले बोळे बोटांत बारीक वळून, कानाची पाळी वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचे. बहुतेक लोक हे धरून ठेवत नाहीत आणि उपयोग नाही म्हणतात. पण कानात मळ साचत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि दोघांनी एका वेळी घालू नका. रात्री दुसऱ्याने हाक मारली किंवा दारावर कुणी आलं तर एकाला तरी ऐकू आलं पाहिजे. पहाट टाळण्यासाठी झोपेच्या गोळीला मात्र हात लावू नका. रात्री उठताना तोल जातो.

बोलायला जाल तेव्हा दिवसा जा, आवाज चालू असताना रागाच्या भरात नको. एकानेच जा, वही सोबत असू द्या पण पुढे करू नका. "आमची झोप मोडते" इथून सुरुवात करा, "तुम्ही असं करता" इथून नको. एक मागणी करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलू असं ठरवून या. नवे पक्षी नुकतेच आणले असतील तर पहिला आठवडा-दहा दिवस त्यांची आपापसात मानाची मारामारी चालते. तेवढं सोसा, ते आपोआप निवतं. पलीकडच्या घरांनाही त्रास आहे का हे विचारा, पण सगळे मिळून त्यांच्या दारात जाऊ नका.

दगड मारणं, फटाका लावणं, कुत्रं सोडणं असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. घाबरलेली कोंबडी कितीतरी वेळ धोक्याची हाक देत राहते, म्हणजे आवाज वाढतो, आणि वर आपण चुकीच्या बाजूला जाऊन बसतो.

दोनदा बोलूनही काही हललं नाही तर एक साधी, तारीख घातलेली चिठ्ठी द्या आणि तिची प्रत जपून ठेवा. त्यानंतर वस्तीत पक्षी पाळण्याबद्दल आणि रात्रीच्या आवाजाबद्दल काय नियम आहेत ते बघून संबंधित कार्यालयात लेखी अर्ज करायचा. तिथे तुमची वही आणि ध्वनिमुद्रण कामाला येईल. तो अर्ज मी लिहून देईन, तुम्ही धावपळ करू नका.

सध्या वही सुरू करा आणि आजच मागच्या खोलीत अंथरूण घाला. आठवड्याने वहीच्या पानांचे फोटो पाठवा. आवाज कोणता हे ठरलं की शेजाऱ्यांना नेमकं काय मागायचं ते आपण मिळून ठरवू.

तुमची,
लेक