बाबांची पाच मेडलं

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
सा. नमस्कार.

बाबा, तुमची नौदलातली पाचही मेडलं परवा दुकानात दिली. रिबिनी पार विटल्या होत्या. नव्या रिबिनी लावून सगळी एका पट्टीवर ओळीने बसवून देणार आहेत, ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आत. देण्याआधी रात्री ती टेबलावर मांडून बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कडा पाहिल्या.

कडेवर बारीक अक्षरांत तुमचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलंय. नंबर आणि नाव सगळीकडे तेच, हुद्दा मात्र चढत जातो. नऊ वर्षांच्या दीर्घ सेवा पदकावर तुम्ही लीडिंग आहात, १९९७ च्या स्वातंत्र्याच्या पन्नाशीच्या पदकावर पेटी ऑफिसर आणि वीस वर्षांच्या पदकावर चीफ. १९८२ साली चिल्काला ट्रेनिंगला गेलेला मुलगा कसकसा वर आला, ते भिंग धरून वाचत होते, आणि कानात तुमचंच वाक्य: "ही काय, सगळ्यांनाच मिळतात."

बाबा, हे आता म्हणू नका. १९७१ च्या ४ डिसेंबरला रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटी घेऊन कराचीवर चालून गेलेल्यांचा विषय निघाला की तुम्ही आजही ताठ बसता. त्यांच्यापुढे आपण कोण, असं तुम्हाला वाटतं, ते मला कळतं. पण १९९९ च्या जूनमध्ये सगळा देश टीव्हीवर कारगिलचे डोंगर बघत होता, तेव्हा नौदलाच्या ऑपरेशन तलवारसाठी पूर्वेकडची जहाजंसुद्धा अरबी समुद्रात आणली होती आणि तुम्ही खाली इंजिन रूममध्ये वॉचवर वॉच करत होतात. तिथून समुद्र दिसतही नाही. गोळी झाडायची वेळ आली नाही, कारण जहाजं तयारीत उभी होती, आणि ती उभी होती ती तुमच्यासारख्यांच्या जिवावर. कारगिल युद्धाचं, म्हणजे ऑपरेशन विजयचं पदक त्याचं आहे. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर पुन्हा तेच, ऑपरेशन पराक्रम. माझी दहावी त्यातच झाली. तुमचा डावा कानही त्या इंजिनांनीच नेला.

आणि आई, त्या वीस वर्षांच्या मेडलकडे बघताना मला तुझी अंतर्देशीय पत्रं आठवत होती. जहाजाचं नाव, खाली 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. जहाज बंदराला लागलं की सगळी एकदम हातात पडायची, म्हणून तू प्रत्येकाच्या कोपऱ्यात नंबर घालायचीस, बाबांनी क्रमाने वाचावीत म्हणून. मला कावीळ झाली तेव्हाचं चौदा नंबरचं पत्र मी ट्रंकेत पाहिलंय. त्यात लिहिलंय, "घरी सगळं ठीक, पोरगी मजेत." तुझ्या शेजारी मी पिवळी पडून झोपले होते, आणि तू समुद्रावरच्या माणसाला काळजी नको म्हणून एकटीने दवाखाना केलास. बाबांना हे ते घरी आल्यावर कळलं. त्या दिवशी ते बराच वेळ माझ्या उशाशी बसून होते, तेवढं मला आठवतं.

मी तीन तारखेला संध्याकाळी पोचते. बाबा, निळा कोट इस्त्री करून ठेवा. पट्टी डाव्या खिशाच्या वर लावायची, आणि ती आईनेच लावायची. आई, पिन जरा घट्ट आहे, दोन्ही हातांनी उघड.

तुमची लेक