एकशेवीस तास खरे होऊ द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

सोलापुरात पदवी लागते ती स्पर्धा परीक्षेच्या अर्जाला, बँकेच्या जाहिरातीला आणि लग्नाच्या बायोडाटाला. कारखान्याच्या दारात मात्र "तुला येतं काय?" असं विचारलं की बी.कॉम. झालेला पोरगा गप्प बसतो. विडी घरकुलपासून सात रस्त्यापर्यंत लोक पदवीला 'कागद' म्हणतात. आम्हा शिकवणाऱ्यांना ते झोंबतं, पण खोडून काढता येत नाही.

२००४ साली कोल्हापूरपासून वेगळं होऊन एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ आपल्याला मिळालं. त्याने इथला धंदा ओळखावा, ही अपेक्षा फार नव्हती. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती सोय केलीही: सहाव्या सत्रात ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण), ४ क्रेडिट, क्रेडिटला ३० तास, एकूण १२० तास. प्रत्यक्षात येतं काय? ओळखीच्या दुकानाचं लेटरहेड, शिक्का, आणि महिन्याभराची रोजनिशी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली.

पोरं लबाड आहेत म्हणून हे होत नाही. आठ तासांची पाळी धरली तर पंधरा दिवस कॉलेज बुडतं आणि ७५ टक्के हजेरी आडवी येते. दुपारी मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून फी भरणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच. देखरेखीचे शिक्षक बहुतेक तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासाप्रमाणे मानधन मिळणारे. कारखान्यातली भेट तासात धरली जात नाही, मग कोण जाणार?

खरं प्रशिक्षण कसं असतं, ते एका टर्किश टॉवेलवर सांगतो. माप ७५ बाय १५० सेंटिमीटर, जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) ४५०. क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर, म्हणजे नग ५०६ ग्रॅम आणि डझन ६ किलो ७५ ग्रॅम. काट्यावर डझन ५ किलो ८०० भरला तर त्याच मापावर जीएसएम ४३० येतो. सूत बारीक लागलं, लूप आखूड राहिली, पिक (आडवे धागे) कमी बसले की मापच कमी भरलं? हजार डझनांच्या ऑर्डरीत हा फरक २७५ किलोंचा, आणि गिऱ्हाईक बिलातून कापून घेतं. कॉमर्सच्या मुलाने हे चार वेळा स्वतः मोजलं की कॉस्टिंग, म्हणजे मालाच्या खर्चाचा हिशेब, त्याला कधी पाठ करावं लागत नाही.

म्हणून मागणी अशी. ओजेटी दुपारी चार तास, तीस दिवस ठेवावी. एका जागी दोनच मुलं, कारण माग चालू असताना मालक त्याहून जास्त उभी करून घेत नाही. गुण अहवालाला नकोत. मुलाने केलेला एका मालाचा कॉस्टिंग तक्ता कारखान्याच्या हिशेबनिसाने तपासावा. शिक्षकाची भेट तास म्हणून धरावी. एसटीचा पास घर ते कॉलेज असतो, तो त्या महिन्यापुरता चिंचोळी एमआयडीसीपर्यंत मिळावा. आणि सरकारने २०२४ साली पदवीधराला कार्यप्रशिक्षणासाठी सहा महिने, महिना १०,००० रुपये द्यायची योजना आणली. त्यातला थोडा वाटा शिकत असतानाच, या तीस दुपारींसाठी द्यावा.



परिपत्रक दिवाळीआधी निघालं तर कारखानदारांशी बोलणी होतील. फेब्रुवारीत निघालं तर यंदाही लेटरहेडच.

आपले,
सोलापुरातील काही महाविद्यालयीन शिक्षक