ऑपरेशन कोणतं, ते मी ठरवतेय

चि. सुमित,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा एकच धोशा, "आई, पूर्ण स्तनच काढून टाक, म्हणजे कटकट मिटली." तुझ्या बाबांसमोर मला नीट बोलता येईना, म्हणून लिहितेय. मी फक्त कॅन्सरची गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून घेणार आहे. दिसण्यापायी करतेय म्हणतोयस का? तसं असतं तरी काय बिघडलं? पन्नाशी उलटलेली बाई आरशात बघत नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

माझी गाठ एकच, दोन सेंटिमीटरच्या आतली. अशा गाठीसाठी गाठ काढून रेडिएशन, म्हणजे किरणांचे उपचार, घेतले काय नि पूर्ण स्तन काढला काय, आयुष्य तेवढंच. अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर आणि इटलीत डॉ. उंबर्तो वेरोनेसी यांनी बायकांचे गट करून वीस वर्षं हे पाहिलं, २००२ साली छापलं. फिशर यांच्या अभ्यासात नुसती गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्या १०० जणींत ३९ जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, घेतलेल्यांत १४ जणींना. आता औषधं सुधारलीत, आकडे आणखी खाली आलेत. तरी परत आलीच, तर पूर्ण काढायचा रस्ता तेव्हाही मोकळा असतो. आणि पूर्ण काढला म्हणून केमो टळत नाही बाळा, ती गाठीच्या जातीवर ठरते.

खरी अडचण रेडिएशनची. सोमवार ते शुक्रवार, रोज, तीन-चार आठवडे. जालन्याहून संभाजीनगर तासा-दीड तासाचं, एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट, मला जमेल. ओपीडीत परतूरकडची एक बाई भेटली. तिचं गाव आडवळणाला, त्यात कापूस वेचणीचे दिवस, घरी दुसरं कुणी नाही. रेडिएशनचे हेलपाटे नकोत म्हणून तिनं पूर्ण काढायचं ठरवलं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. गाठी दोन-तीन ठिकाणी असत्या किंवा तपासणीत घराण्यातून आलेला जनुकाचा दोष निघाला असता, तरीही.

मात्र एक ऐकून ठेव. काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर पुन्हा टेबलावर जावं लागेल. तेव्हा "मी म्हणत होतो ना" म्हणायचं नाही.

घाई करू नकोस, थोड्या दिवसांनी काही बिघडत नाही असं डॉक्टरांनीच सांगितलंय. पुढच्या भेटीला रजा टाकून ये. बगलेतल्या सगळ्या लसिकागाठी (कॅन्सर तिथवर पसरलाय का ते ज्यांत बघतात त्या) काढणार की निळं औषध टोचून पहिल्या दोन-चारच तपासणार, हे तू विचार. सगळ्या काढल्या तर हात सुजायची भीती जास्त, आणि मला याच हातानं भाकरी थापायच्यात. गाठ कुठल्या जातीची ते सांगणारे ईआर, पीआर, हर-टू हे रिपोर्ट आले का, तेही बघ.

आत्याला इतक्यात कळवू नकोस. ती सकाळीच जडीबुटीवाल्याला घेऊन दारात उभी राहील.

तुझी,
आई