गाणं मोकळं झालं, मूळ मुद्रण गोदामातच

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री, नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

कॉपीराइटचा कायदा तुमच्या मंत्रालयाकडे येतो, हे गाणी ऐकणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसतं. माझ्याही नव्हतं. वडिलांच्या रेकॉर्डी संगणकावर उतरवायला बसलो आणि हे बेकायदा तर नाही ना, या धास्तीने १९५७ चा कायदा वाचायला घेतला.

कायदा तसा उदार निघाला. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे १९६५ साली बाजारात आलेली रेकॉर्ड २०२६ उजाडताच मोकळी. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. ‘स्वयंवर’ या संगीत नाटकातली बालगंधर्वांची पदं घ्या. पदं लिहिणारे नाटककार खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली. शब्द मोकळे, चाली मोकळ्या, त्या काळच्या तबकड्याही मोकळ्या. कुणीही उतरवून घ्याव्यात, कुणालाही द्याव्यात.

पण उतरवायच्या कुठून? इंटरनेटवर सापडतं ते बरंचसं बोथट सुईने वाजवून एमपी३ केलेलं, म्हणजे फाइल लहान करायला आवाजातला तपशील गाळलेलं. मागे एकदा ‘हाय-रेझोल्यूशन, २४ बिट’, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईने साठवलेला, अशी पाटी लावलेला जुन्या गाण्यांचा संच पैसे मोजून घेतला. फाइली भल्यामोठ्या. स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या उंच-खालच्या सुरांचा आलेख, काढला तर १६ किलोहर्ट्झवर भिंत घातल्यासारखा आवाज संपलेला. एमपी३ करताना वरचे सूर बहुधा असेच छाटले जातात; म्हणजे जुनी एमपी३च फुगवून विकली होती. दुधात पाणी निघालं तर तक्रार कुठे करायची, हे तरी ठाऊक असतं.

गैरसमज नको. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये (सेकंदाला ९६ हजार नोंदी) साठवल्याने ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत नसलेला सूर उगवत नाही. मिनिटाला ३५ एमबीच्या आसपास जागा मात्र जाते, आणि ब्लूटूथ हेडफोनवर त्यातलं पुष्कळसं वाटेतच गळतं. नुसतं ऐकायला सीडीची प्रत पुरे. मोठ्या प्रतीचा खरा उपयोग खरखर काढताना होतो. ओरखड्याचा टक कुठे संपतो नि तबल्याची थाप कुठे सुरू होते, हे ओळखायला तपशील लागतो, आणि एमपी३त एकदा गाळलेला तपशील परत येत नाही. म्हणून प्रत मुळावरूनच काढायला हवी. ते मूळ, म्हणजे ज्यांवरून तबकड्या छापत ते जुने साचे आणि टेप, जिथे शिल्लक असतील तिथे कंपन्यांच्या गोदामात. हक्क संपला तरी वस्तू त्यांचीच.

पुस्तकांचं असं नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात. त्यांत आपल्या मुंबईची एशियाटिकही आहे. त्या कायद्यात ध्वनिमुद्रिका नाहीत. तो विषय सांस्कृतिक मंत्रालयाचा, हे मान्य. पण साठ वर्षांचा हक्क तुमचा कायदा देतो. तर त्याच कायद्यात अट घाला, की हक्क संपताना काहीही न गाळलेली एक प्रत सार्वजनिक संग्रहात जमा व्हावी आणि तिथून ती कुणालाही उतरवून घेता यावी. आजची ध्वनिमुद्रणं तर मुळातच फाइली असतात. जमा करायला खर्च तो काय?

दुसरी मागणी लहान आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापरासाठी ‘उचित’ व्यवहाराला मुभा देतं, २०१२ पासून ध्वनिमुद्रणांनाही. मग १९७० सालची विकत घेतलेली रेकॉर्ड घरी संगणकावर उतरवली, तर ते उचित की नाही? एका ओळीत सांगून टाका. नव्या अल्बमच्या चोरून चढवलेल्या फाइली उतरवणाऱ्यांची वकिली मी करत नाही. त्यात गाणाऱ्याचंच पोट मारलं जातं.

माझ्या अजून चाळीसेक तबकड्या उतरवायच्या राहिल्यात. दोन तडकल्या आहेत. त्यांचे साचे कुठल्या गोदामात आहेत, मुळात आहेत का, हे मी कुणाला विचारावं तेवढं कळवावं.

आपला,
एक श्रोता