‘संतप्त जमाव’ म्हणण्याआधी

संपादक महोदय,
स. न.

जमावाने कुणाला ठार मारल्याची बातमी आली की ‘संतप्त जमाव’ आणि ‘नागरिकांचा उद्रेक’ हे शब्दप्रयोग हमखास वाचायला मिळतात. वृत्तपत्रांनी ते थांबवावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. राग अनावर झाल्यामुळे हातून खून झाला, असे या शब्दांतून सुचवले जाते आणि मारणाऱ्यांची निम्मी जबाबदारी आपण बातमीतच पुसून टाकतो.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, भर दिवसा, आठवडे बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून धरण्यात आले. मंगळवेढा परिसरातून भिक्षा मागत आलेली ही माणसे होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण करून ठार करण्यात आले आणि त्या मारहाणीचे मोबाइलवर चित्रीकरणही झाले. बाजारातून खोलीपर्यंत त्यांना नेताना, आत कोंडताना, पुन्हा काठी उचलताना, दर पावलावर थांबता येत होते. ज्याचे भान खरोखर हरपले आहे, त्याला चित्रीकरण सुचत नाही.

मग माणसे त्या थराला का जातात? लेकरांची काळजी खरी होती, हे मी नाकारत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांनी ती अनेक आठवडे पेटती ठेवली होती. पण भीती आपले सावज निवडून घेते. गावात ज्याची ओळख सांगणारा कोणी नाही, ज्याचा वेश आणि बोली वेगळी आहे, ज्याच्यासाठी उद्या कोणी जाब विचारायला येणार नाही, असा फिरस्ताच तिला सापडतो. त्यातच आपण मुलांच्या रक्षणाचे पुण्यकर्म करीत आहोत ही खात्री झाली, की शंका विचारणारा माणूसही टोळीचा साथीदार वाटू लागतो. एकाने एक काठी मारलेली असते, दुसऱ्याने दोन, तिसरा नुसता पाहत उभा असतो. त्यामुळे जीव आपण घेतला, असे रात्री घरी परतल्यावर एकालाही वाटत नाही. मला सर्वांत भय वाटते ते याचे.

प्रत्येक ठिकाणी भीतीच असते असेही नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तिच्यामागे जातीचा माज होता आणि त्या कुटुंबाच्या शेतातून वाट मिळवण्याचा हव्यासही होता. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक चोरांच्या अफवेमुळे मारले गेले, तेव्हा तर पोलीस समोर होते.

राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमावा आणि असे खटले शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावेत, असे त्यांत म्हटले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. राईनपाड्याच्या खटल्यात सात जणांना जन्मठेप झाली ती मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये. साडेपाच वर्षे त्या पाच घरांनी कशी काढली असतील, याची बातमी क्वचितच कुठे वाचायला मिळाली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी अशी घटना घडली, तर अफवा कुठून निघाली, पोलीस किती वेळाने पोहोचले, खोलीच्या दाराशी कोण उभे होते आणि ‘थांबा’ म्हणणारा एखादा तरी होता का, त्याचे पुढे काय झाले, हे आपल्या वार्ताहरांनी शोधून लिहावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक