न्हाणीघरातील विजेच्या सॉकेटबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, न्हाणीघरातील गिझरचे सॉकेट व त्यामागची वायरिंग प्रत्येकाने या महिनाअखेरपर्यंत परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावी.

दोन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपियर प्रवाह खेचतो. त्यामुळे तो ६ अँपियरच्या सॉकेटला अडॅप्टर लावून जोडल्यास सॉकेट तापते आणि पिनांभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडून पुढे वितळू लागते. असा डाग दिसताच गिझर बंद ठेवावा. सॉकेट १६ अँपियरचे व शॉवरच्या तुषारांपासून दूर असावे, आणि त्याचा खटका न्हाणीघराबाहेर असावा.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असे बहुतेक घरांतून ऐकायला मिळते. परंतु एमसीबी हा जादा भार व शॉर्टसर्किट यांपासून वायरिंगचे रक्षण करतो, आणि ओल्या अंगातून जमिनीकडे जाणारा प्रवाह जीवघेणा असला तरी एमसीबी पाडण्यास तो सहसा पुरेसा नसतो. ही गळती ओळखून वीज तोडण्याचे काम ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीचे आहे. तो बसवून घ्यावा व त्यावरील ‘टी’ अक्षराचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. खटका पडला नाही, तर आरसीसीबी बदलावा. अर्थिंगही त्याच वेळी तपासावे, कारण तीन छिद्रांचे सॉकेट दिसले म्हणजे अर्थिंग आहेच, असे मुळीच नव्हे.

बादलीत हीटरची कांडी वापरणाऱ्यांनी प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.

सचिव,
व्यवस्थापक समिती