नोमोडसेट हा इलाज नाही हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुना कॉम्प्युटर भंगारात काढण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाका असं सांगणारा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. सल्ला चांगलाय, वाद नाही. पण "स्क्रीन काळी पडली तर बूटच्या ओळीत नोमोडसेट लिहा आणि सेव्ह करून टाका" असं जे एका वाक्यात उरकलंय ना, तिथेच बरेच जण अडकणार आहेत म्हणून हे पत्र.

नोमोडसेट कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) एवढंच सांगतं की ग्राफिक्स कार्डाच्या नादी लागू नकोस, फर्मवेअरने (मशीनमधल्या मूळ प्रोग्रॅमने) जो साधा डिस्प्ले चालू करून दिलाय त्यावर भागव. चित्र दिसतं खरं, पण रिझोल्युशन बदलत नाही, दुसरा मॉनिटर सापडत नाही, आणि व्हिडिओ लावला की सगळा भार प्रोसेसरवर येऊन पंखा बोंबलायला लागतो, मग माणूस चारचौघात सांगत सुटतो की लिनक्स स्लो आहे. अहो कार्ड तुम्हीच बाजूला बसवून ठेवलंय! एकदा आत शिरून ड्रायव्हर टाकण्यापुरतं ते वापरायचं आणि मग काढायचं, आणि कायमचं सेव्ह तर करायचंच नाही.

ड्रायव्हर टाकूनही काही फरक पडत नाही असं म्हणणारे खूप भेटतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं सिक्युअर बूट (बिनसहीचा कोड चालू न देणारी सोय) चालू असतं. मग डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा तुकडा, कर्नल लोडच करत नाही. म्हणून इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, तिथे त्या सहीची किल्ली (की) नोंदवून, म्हणजे एनरोल करून, तोच पासवर्ड द्यायचा असतो, पण निळी स्क्रीन बघून विंडोजची सवय असलेला माणूस घाबरतो आणि पटकन कंटिन्यू दाबून मोकळा होतो. ड्रायव्हर डिस्कवर पडून, कार्ड बेकार. आणि हो, ड्रायव्हर डिस्ट्रोच्या (तुम्ही टाकलेल्या उबुंटूसारख्या लिनक्सच्या) पॅकेजमधूनच घ्या, कंपनीच्या साइटवरची फाइल हाताने बसवली की कर्नल अपडेट झाल्यावर परत पहिल्यापासून सुरू.

आता माझी फजिती. मॉनिटर जोडला तर १०२४ बाय ७६८ च्या वर जाईचना. दोन संध्याकाळी ड्रायव्हर काढ, घाल, काढ, घाल. शेवटी सिस्टिमच्या डीआरएम (डिस्प्लेच्या माहितीच्या) फोल्डरमधली ईडीआयडीची फाइल वाचून बघितली तर रिकामी! मॉनिटर आपली ओळख, म्हणजे कुठली रिझोल्युशन झेपतात वगैरे, त्या ईडीआयडीतून सांगतो, कमीत कमी १२८ बाइटचा मजकूर असतो, आणि तोच आला नाही की कर्नल सावधपणे १०२४ बाय ७६८ वर थांबतो. मधे लावलेला एचडीएमआय टू व्हीजीए अडॅप्टर तो मजकूर पोचवतच नव्हता. सरळ केबल लावली, झालं. ड्रायव्हर बिचारा पहिल्या दिवसापासून नीट होता.

लेखात रिझोल्युशन बदलायची एक्सरँडर कमांड दिलीय तीही जुन्या एक्स११ (स्क्रीनवर चित्र दाखवणारी जुनी व्यवस्था) सेशनसाठीची. त्याच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये ती चालवली तर डिस्प्लेची नावं दिसतात पण मोड काही बदलत नाही, तिथे सेटिंगमधलं डिस्प्लेचं पानच वापरावं लागतं. उबुंटूने २०२१ पासूनच वेलँड डिफॉल्ट केलंय (काही कार्डांना नंतर), तेव्हा नव्याने टाकणाऱ्याच्या हाती बहुतेक तेच पडणार.

पुढच्या अंकात चौकट देणार असाल तर एवढं छापा. कंपनीचा लोगो आणि बूट मेनू दिसून मग काळं होत असेल तर मॉनिटर मेलेला नाही. कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतोय का बघा, लागत असेल तर मशीन जिवंत आहे, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून अक्षरांची स्क्रीन येते का बघायचं आणि तिथून लॉग (काय काय घडलं त्याची नोंद) वाचायचा. तो लोगोही दिसत नसेल तर लिनक्सला शिव्या न देता आधी मागे वाकून बघा, केबल कार्डाच्या पोर्टात आहे की मदरबोर्डच्या.

आपला,
एक नियमित वाचक